इनिएस्ता समोरच्या प्रेक्षकांचाही कसा झाला

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगा मधल्या फळीत खेळतो, आणि मी त्याला स्पेनच्या आंद्रेस इनिएस्ताचे जुने सामने बघायला सांगितलं होतं. वडिलांनी आकडे काढले: बार्सिलोनासाठी 674 सामने, गोल फक्त 57. त्यांचं म्हणणं असं की मेस्सी किंवा रोनाल्डो एका हंगामात एवढे गोल करायचे. मग हा माणूस एवढा मोठा कसा? ऑक्टोबर 2024 मध्ये त्याने खेळणं थांबवलं, तरी अजून लोक त्याच्याबद्दल इतक्या मायेने का बोलतात? आणि आजच्या मुलाने त्याच्याकडून नेमकं काय घ्यायचं?

मी कोल्हापुरात मुलांना फुटबॉल शिकवतो आणि माझा बराचसा वेळ मधल्या फळीच्या मुलांवरच जातो. आपल्याकडे वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. स्पेन जगज्जेता होऊनही त्याला आपल्या गल्लीत तेवढी जागा मिळाली नाही. त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो, आणि मला त्याचं नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

स्वतःच्या क्लबने डोक्यावर घेतलेले खेळाडू स्पेनमध्ये ढीगभर आहेत. इनिएस्ताला टाळ्या दिल्या त्या त्याने ज्यांना हरवलं त्यांनीही. माझ्या मते त्याचं नाव टिकून राहिलंय ते यामुळे, आणि गोलांच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही.

आधी माणूस कुठला ते सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. 11 मे 1984 ला फुएन्तेआल्बिया नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. आल्बासेते प्रांतातलं, ला मांचाच्या पठारावरचं, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. वडील गवंडीकाम करायचे, आईच्या घरच्यांचा गावात बार होता. पोरगा आल्बासेतेच्या क्लबच्या लहान मुलांच्या संघात खेळायचा. माद्रिदजवळच्या ब्रुनेतेला तेव्हा लहान मुलांची सात-सात जणांची स्पर्धा भरायची, तिथे बार्सिलोनाच्या लोकांनी त्याला हेरलं आणि 1996 मध्ये, बाराव्या वर्षी, तो ला मासियात दाखल झाला. ला मासिया म्हणजे काम्प नोउ स्टेडियमशेजारचं जुनं, अठराव्या शतकातलं शेतघर. क्लबमध्ये शिकणारी बाहेरगावची मुलं तिथे राहायची. घर सोडून आलेला हा मुलगा तिथे सुरुवातीला खूप रडला, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय.

1999 मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अंतिम सामना काम्प नोउवर होता आणि बार्सिलोनाचा कर्णधार इनिएस्ता होता. विजयी गोल त्याने केला आणि चषक त्याच्या हातात दिला पेप ग्वार्दिओलाने, जो तेव्हा मोठ्या संघाचा कर्णधार होता. मधल्या फळीतल्या तरुण झावीला ग्वार्दिओलाने बजावलं होतं की तू मला घरी बसवशील, पण हा पोरगा आपल्या दोघांनाही घरी बसवेल. पहिला मोठा सामना त्याला 29 ऑक्टोबर 2002 ला मिळाला, बेल्जियममध्ये क्लब ब्रुजविरुद्ध, लुई व्हान गाल प्रशिक्षक असताना.

आता खेळाबद्दल, कारण इथे मला आकडेवाल्यांशी भांडायचंय.

इनिएस्ताची उंची 1.71 मीटर. वेग मध्यम, अंगात ताकद बेताची, डोक्याने गोल जवळपास नाहीत. तरी चार-पाच जणांनी घेरलं तरी चेंडू त्याच्याकडून जात नसे. 2012 च्या युरो स्पर्धेत ग्दान्स्कला इटलीविरुद्ध काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे: मधोमध इनिएस्ता, भोवती निळ्या शर्टांचं कडं. त्या स्पर्धेत त्याला सर्वोत्तम खेळाडू निवडलं गेलं. फोटो पाहून लोक ‘जादू’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण त्यामुळे मुलांना वाटतं की हे शिकता येण्यासारखं नाही.

त्याची एक लकब घ्या, स्पेनमध्ये तिला ‘क्रोकेता’ म्हणतात. डेन्मार्कच्या मायकेल लाउद्रुपने ती आधी गाजवली होती. चेंडू उजव्या पायाच्या आतल्या बाजूने डावीकडे सरकवायचा आणि लगेच डाव्या पायाच्या आतल्या बाजूने पुढे ढकलायचा. दोन स्पर्श, बस्स. माझ्याकडची कुठलीही मुलं हे पंधरा मिनिटांत उचलतात. सामन्यात मात्र ते चालत नाही, आणि का चालत नाही ते पाहण्यासाठी इनिएस्ताचा व्हिडिओ हळू करून बघा. तो पहिला स्पर्श करतो तेव्हा नजर चेंडूवर नसते, समोरच्याच्या गुडघ्यांवर असते. बचावपटूने चेंडूकडे पाय टाकला, अंगाचा भार एका पायावर गेला, की त्या क्षणी तो दुसरीकडे वळूच शकत नाही. इनिएस्ता तेवढ्याच अवधीसाठी थांबलेला असतो. आधी चेंडू थोडा पुढे दाखवतो, समोरच्याला वाटू देतो की हा आता मिळाला, आणि मग दोन स्पर्शांत त्याच्या बाजूने निघून जातो. पोरं हेच घाईत करतात. समोरचा अजून दोन्ही पायांवर भक्कम उभा असतानाच चेंडू सरकवतात आणि गमावतात.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. पास येण्याआधी तो मान वळवून मागे काय आहे ते पाहून घेतो आणि चेंडू घेताना अंग अर्धं उघडं ठेवतो. त्यामुळे पहिल्याच स्पर्शात तो पुढे तोंड करून उभा असतो. ज्या मुलाला हे जमलं त्याला वेग थोडा कमी असला तरी चालतो. मी मुलांना इनिएस्ता बघायला सांगतो ते या दोन गोष्टींसाठी.

गोलांचं म्हणाल तर ते कमी होते, पण कधी आले ते बघा.

6 मे 2009. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. तिचा उपांत्य सामना, लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध. एसियनच्या जबरदस्त गोलमुळे चेल्सी पुढे होती. बार्सिलोनाचा आबिदाल बाहेर गेलेला, संघात दहाच माणसं, आणि पूर्ण सामन्यात गोलच्या दिशेने धड एक फटका नाही. 93व्या मिनिटाला मेस्सीने गोलसमोरच्या पेटीच्या कडेला चेंडू आडवा दिला आणि इनिएस्ताने उजव्या पायाने तो वरच्या कोपऱ्यात मारला. 1-1. दोन सामने मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा; त्या नियमाने बार्सिलोना रोमच्या अंतिम सामन्यात गेली आणि मँचेस्टर युनायटेडला 2-0 ने हरवून आली. नऊ महिन्यांनी कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, जन्मलेल्या पोरांना लोक ‘इनिएस्ता पिढी’ म्हणू लागले. काही डॉक्टरांनी मध्य कॅटलोनियातल्या दोन तालुक्यांच्या जन्मनोंदी खरंच तपासल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये तिथे सुमारे 16 टक्के वाढ दिसली आणि 2013 मध्ये ते एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. चेल्सीच्या बाजूने सांगायला हवं की त्या रात्री पंचांनी त्यांच्या पेनल्टीच्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या होत्या आणि तो राग लंडनमध्ये अजून गेलेला नाही.

पण ‘लोकप्रिय’ आणि ‘सगळ्यांचा’ यात जे अंतर आहे, ते इनिएस्ताने एका दुःखातून पार केलं.

ऑगस्ट 2009 मध्ये दानी हार्के वारला. तो एस्पान्योलचा कर्णधार होता. एस्पान्योल म्हणजे बार्सिलोना शहरातलाच दुसरा क्लब, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेला. संघ हंगामाच्या तयारीसाठी इटलीत होता आणि फ्लॉरेन्सजवळ हॉटेलच्या खोलीत, वयाच्या 26व्या वर्षी, हार्केचं हृदय थांबलं. तो आणि इनिएस्ता स्पेनच्या वयोगटांच्या संघांत एकत्र खेळलेले, मित्र. इनिएस्ता तेव्हा आधीच दुखापतींनी बेजार होता. ही बातमी आली आणि तो आतून कोसळला. नंतर त्याने उघडपणे सांगितलं की तो नैराश्यात होता, रात्री यायची वाट बघायचा, औषध घेऊन झोपता यावं म्हणून, आणि त्याने मानसोपचाराची मदत घेतली. युरोपातला सगळ्यात मोठा चषक जिंकून काही आठवडेच झाले होते, हे लक्षात घ्या. खेळाडूने असं बोलणं आजही सोपं नाही. आपल्याकडे तर मैदानावर ‘मन घट्ट कर’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही, आणि त्यात चांगली पोरं खेळ सोडून जाताना मी पाहिली आहेत. म्हणून हा भाग मी मुलांना मुद्दाम सांगतो.

2010 च्या वर्ल्ड कपला तो कसाबसा पोहोचला. स्पर्धेच्या तोंडावर पोलंडविरुद्धच्या सराव सामन्यात पुन्हा दुखापत झाली. स्वित्झर्लंडविरुद्ध खेळला, स्पेन हरलं. होंडुरासविरुद्ध बाहेर बसला. चिलीविरुद्ध परतला आणि गोल केला.

मग 11 जुलै, जोहान्सबर्ग, नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामना. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. जादा वेळही संपत आलेला, गोल नाही, सामना धसमुसळा. नेदरलँड्सचा हाइटिंगा लाल कार्ड घेऊन बाहेर. 116व्या मिनिटाला नावासने उजवीकडून चेंडू पळवत आणला, मध्ये इनिएस्ताने तो टाचेने सोडला, फिरत फिरत तोरेसकडे डावीकडे गेला. त्याचा क्रॉस अडला आणि फाब्रेगासच्या पायात पडला. फाब्रेगासने उजवीकडे इनिएस्ताला दिला. पहिल्या स्पर्शात चेंडू थोडा वर उडाला. इथे थांबून बघण्यासारखं आहे. वर्ल्ड कपचा अंतिम सामना, समोर गोलरक्षक स्टेकेलेनबर्ग, अंगावर धावून येणारा बचावपटू, आणि हा चेंडू खाली यायची वाट पाहतो. चेंडू योग्य उंचीला आला तेव्हाच उजव्या पायाने आडवा मारला, लांबच्या कोपऱ्याकडे. घाई केली असती तर तो वरून गेला असता.

त्याने शर्ट काढला. आत बिनबाह्यांची पांढरी बनियन, त्यावर निळ्या शाईने हाताने लिहिलेलं: दानी हार्के, सदैव आमच्यासोबत. पंच हॉवर्ड वेब यांनी नियमाप्रमाणे पिवळं कार्ड दाखवलं. स्पेनच्या टीव्हीवर माजी खेळाडू कामाचो समालोचन करत होता, तो ‘माझ्या जिवाच्या इनिएस्ता!’ अशा अर्थाचं ओरडला आणि ते शब्द तिकडे सर्वतोमुखी झाले.

विचार करा. देशाच्या इतिहासातला पहिला वर्ल्ड कप, आयुष्यातला सर्वात मोठा क्षण, सगळ्या जगाचे कॅमेरे अंगावर. तो क्षण त्याने प्रतिस्पर्धी क्लबच्या गेलेल्या कर्णधाराला दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बार्सिलोना एस्पान्योलच्या मैदानावर गेली आणि 5-1 ने जिंकली. एरवी अशा पराभवात बार्सिलोनाच्या खेळाडूंना तिथे काय काय ऐकावं लागलं असतं ते सांगायला नको. इनिएस्ताला त्या स्टेडियमने उभं राहून टाळ्या दिल्या. पुढची कित्येक वर्षं स्पेनभर परक्या मैदानांवर तो बदली होऊन बाहेर निघाला की लोक टाळ्या वाजवत.

21 नोव्हेंबर 2015 ला हे माद्रिदमध्येही झालं. बार्सिलोनाने रेयाल माद्रिदला त्यांच्याच बेर्नाबेउवर 4-0 ने चिरडलं. त्यात इनिएस्ताचा एक गोल आणि नेमारला दिलेला सुरेख पास. तो बाहेर जाताना रेयालच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मैदानावर बार्सिलोनाच्या खेळाडूला असा मान त्याआधी मिळाला होता तो 1983 मध्ये माराडोनाला आणि 2005 मध्ये रोनाल्डिन्होला.

सगळीकडे मात्र असं नव्हतं. उत्तरेतल्या बास्क प्रांतात, बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर त्याला शिट्ट्याच पडायच्या. सप्टेंबर 2010 मध्ये तिथे त्याच्यावरच्या धसमुसळ्या टॅकलबद्दल आमोरेबिएताला लाल कार्ड मिळालं आणि बिल्बाओवाल्यांना वाटलं की इनिएस्ताने वेदना वाढवून दाखवली. बास्क माणसं अशी गोष्ट विसरत नाहीत.

तुम्ही विचाराल, मग झावी का नाही? खेळाच्या दृष्टीने तो बार्सिलोनाचा मेंदू होता, आणि कुणी म्हटलं की संघासाठी झावी जास्त मोलाचा, तर मी वाद घालणार नाही. फरक दोन ठिकाणी आहे. झावी आपल्या शैलीच्या बाजूने रोखठोक बोलायचा, त्यामुळे विरोधकही तयार व्हायचे. आणि तो कॅटलोनियाचाच. इनिएस्ता ला मांचातून आलेला, वाढला बार्सिलोनात. कॅटलोनियाला स्वतंत्र व्हायचंय की नाही यावरून 2017 मध्ये देश फाटायला आला तेव्हा त्याने कुणाची बाजू उचलली नाही. आणखी नुकसान व्हायच्या आत जबाबदार लोकांनी एकमेकांशी बोलावं, एवढंच लिहिलं. दोन्हीकडची माणसं त्याला आपला म्हणू शकत होती. शिवाय बार्सिलोनाच्या शर्टात त्याला कधी लाल कार्ड मिळालं नाही. मधल्या फळीत इतकी वर्षं लाथा खाऊन हे सांभाळणं किती अवघड आहे, ते खेळणाऱ्यालाच कळेल.

बालोन द’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाला नाही. 2010 मध्ये मेस्सी पहिला, इनिएस्ता दुसरा, झावी तिसरा. पुष्कळ लोक म्हणतात की तो इनिएस्ताच्या हातून हिरावला गेला. खरं तर त्या वर्षी फक्त पत्रकारांची मतं धरली असती तर नेदरलँड्सचा स्नाइडर जिंकला असता. तरी 2018 मध्ये हा पुरस्कार सुरू करणाऱ्या ‘फ्रान्स फुटबॉल’ने इनिएस्ताची जाहीर माफी मागितली. न मिळालेल्या पुरस्काराबद्दल देणारेच माफी मागतात, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

20 मे 2018 ला तो बार्सिलोनासाठी शेवटचा खेळला, आणि सामना संपून स्टेडियम रिकामं झाल्यावर मध्यरात्रीनंतरही अनवाणी मैदानाच्या मधोमध बसून राहिला. तिथून जपान. व्हिसेल कोबे हा काही न जिंकलेला क्लब होता. 1 जानेवारी 2020 ला टोकियोच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमवर काशिमा अँटलर्सला 2-0 ने हरवून त्यांनी जपानचा एम्परर्स कप जिंकला, क्लबचं पहिलं मोठं यश. तिथे तो 2023 पर्यंत राहिला. पैसा भरपूर मिळाला हे उघड आहे. पण उतारवयात पैसे घेऊन नुसते मिरवणारे आपण पुष्कळ पाहतो. जपानी लोकांनी त्याला ज्या आदराने निरोप दिला तो फक्त नावाला नव्हता. नंतर एक हंगाम संयुक्त अरब अमिरातीत, आणि 8 ऑक्टोबर 2024 ला बार्सिलोनात निवृत्तीची घोषणा. तारीख मुद्दाम निवडलेली, त्याचा क्रमांक आठ.

गावाशी त्याने नातं तोडलं नाही, हेही लोकांच्या मनात आहे. फुएन्तेआल्बियात घरच्यांची द्राक्षबाग आणि वाइनरी आहे. आणि 2013 मध्ये ज्या आल्बासेते क्लबमध्ये तो लहानपणी खेळला, तो खेळाडूंचे पगार थकल्यामुळे खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या बेतात होता. इनिएस्ताने 2,40,000 युरो कर्जाऊ दिले आणि क्लब वाचला.

नाव टिकेल का, याबद्दल. स्पेनच्या लीगमध्ये पहिल्या संघाला 1 ते 25 हेच क्रमांक वापरावे लागतात, त्यामुळे त्याचा आठ क्रमांक कायमचा बाजूला ठेवणं शक्य नव्हतं. तो आर्तुरकडे गेला, प्यानिचकडे गेला, काही महिने दानी आल्व्हेसकडे होता. 2022 पासून तो पेद्रीच्या पाठीवर आहे. पेद्री स्पेनच्या तेनेरीफे बेटावरचा, बार्सिलोनावेड्या घरातला, लहानपणापासून इनिएस्ताला बघत वाढलेला. त्याचं अर्धं वळून चेंडू घेणं बघा, कुणाकडून आलंय ते विचारावं लागणार नाही. माझ्या दृष्टीने खेळाडूचं नाव टिकतं ते असं, पुढच्याच्या पायांत.

आता मुलासाठी. यूट्यूबवरचे पाच मिनिटांचे तुकडे त्याला दाखवू नका, त्यात फक्त शेवटची कमाल दिसते. बेर्नाबेउवरचा 2015 चा सामना पूर्ण दाखवा. पहिल्या अर्ध्या तासात चेंडूकडे बघूच नको म्हणावं, फक्त आठ नंबरकडे बघ, आणि पास येण्याआधी तो मान किती वेळा वळवतो ते मोज. मोजून झालं की तो आकडा घेऊन त्याला शनिवारी सकाळी सरावाला पाठवा. आपण तिथून सुरू करू.